प्रसादाचा नारळ आणि विमानतळावरची झडती

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला, परंतु या भागाची बाजारपेठ, मोठा दवाखाना आणि विमानतळ आजही नागपूरच आहे. सौंसरजवळच्या जामसांवली येथे पिंपळाच्या झाडाखाली आडव्या, निद्रिस्त अवस्थेतील हनुमानाची मूर्ती असून तिच्या नाभीतून येणारे जल तीर्थ म्हणून दिले जाते आणि ते व्याधींवर गुणकारी ठरते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. दर्शन आटोपून जो भाविक सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या नागपूर विमानतळाकडे निघतो, त्याच्या पिशवीत नारळ, खोबऱ्याची वाटी, उरलेला कापूर, तीर्थाची बाटली आणि मोबाइलसाठी पॉवर बँक असणे अगदी स्वाभाविक आहे. आणि यांतील प्रत्येक वस्तूला विमान वाहतुकीचा कोणता ना कोणता नियम अडवतो किंवा निदान तिने कोठून जावे हे ठरवतो.

सामान्य प्रवाशाकडून विमानतळावर वाजवीपेक्षा अधिक मागितले जाते काय, हा प्रश्न बहुधा संतापाच्या भरात विचारला जातो आणि त्याचे उत्तरही तितक्याच घाईने दिले जाते. एका पक्षाला सारी तपासणी हा फार्स वाटतो, तर दुसऱ्याला जिवापुढे कोणतीही गैरसोय क्षुल्लक वाटते. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला समोर एकच गणवेश दिसत असला, तरी त्याला लागू होणारे नियम दोन निरनिराळ्या उगमांतून आलेले असतात, हे दोन्ही पक्षांच्या ध्यानात राहत नाही. इकाओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, ही संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्था असून तिच्या करारनाम्याचे सतरावे परिशिष्ट अपहरण आणि घातपात यांच्या प्रतिबंधाविषयी आहे, तर अठरावे परिशिष्ट आपोआप पेटणाऱ्या, गळणाऱ्या किंवा स्फोट पावणाऱ्या मालाच्या सुरक्षित वाहतुकीविषयी आहे. पहिल्या प्रकारच्या नियमांना शत्रू गृहीत धरावा लागतो. दुसऱ्या प्रकारात शत्रू कोणीच नसतो, केवळ रसायनशास्त्र असते. खोबऱ्याची वाटी या दुसऱ्या प्रकारात मोडते, आणि म्हणूनच सुरक्षारक्षकाने ती काढून घेतली की भाविकाला अपमान वाटतो, कारण आपल्यावर संशय घेतला गेला अशी त्याची समजूत होते.

वस्तुतः वाळलेल्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून अधिक तेल असते. खोबरे पुरते वाळलेले नसेल तर आतल्या ओलाव्यावर बुरशी आणि जिवाणू पोसले जातात, तेलाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होत राहतो, आणि या दोन्ही क्रियांतून उष्णता निर्माण होते. मोठ्या ढिगात ही उष्णता बाहेर निघून जाऊ शकत नसल्याने तापमान चढत जाते आणि शेवटी बाहेरून ठिणगी न लागताही ढीग पेटू शकतो. या गुणधर्माला स्वयंज्वलन म्हणतात. खोबऱ्याच्या व्यापारात ही गोष्ट जुनी आणि परिचित आहे, आणि म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत सुक्या खोबऱ्याला १३६३ हा क्रमांक असून त्याची गणना आपोआप पेटणाऱ्या पदार्थांच्या वर्गात केली जाते. कापूरही त्याच यादीत आहे, मात्र तो ज्वलनशील घन पदार्थांच्या वर्गात, आणि त्यासाठी फारसे स्पष्टीकरण लागू नये, कारण आरती करणाऱ्या प्रत्येक घराला तो किती सहज पेट घेतो हे ठाऊक आहे.

येथे एक रास्त आक्षेप घेता येतो. स्वयंज्वलनाचा धोका पोत्यांच्या थप्पीला असतो; पिशवीतल्या दोन वाट्यांची उष्णता सहज हवेत विरून जाते. मालवाहतुकीसाठी आखलेला नियम प्रवाशाच्या पिशवीपर्यंत जसाच्या तसा ओढला गेला आहे, हे मान्य करावे लागते. त्याचे समर्थन एवढेच करता येते की सामान चढवणाऱ्या कर्मचाऱ्याला प्रत्येक पिशवीतील खोबऱ्याचे वजन आणि त्यातला ओलावा मोजत बसणे शक्य नसते, आणि जी मर्यादा तपासता येत नाही तिच्यापेक्षा सरसकट बंदी राबवायला सोपी पडते. हा युक्तिवाद प्रशासकीय सोयीचा आहे. सोयीची किंमत मात्र भाविकाने मोजायची असते.

पॉवर बँकेची गोष्ट वेगळी आहे, आणि तेथे नियमाची बाजू भक्कम आहे. लिथियम-आयन बॅटरीमध्ये दोन ध्रुवांमध्ये अतिशय पातळ पडदा असतो. आघाताने, सदोष निर्मितीने किंवा अतिभाराने तो फाटला की आतल्या आत मंडल जुळते, तापमान वाढते, त्या तापमानाने रासायनिक क्रिया आणखी वेग घेते, आणि एका घटातून दुसऱ्या घटात ही साखळी पसरत जाते. विमानाच्या पोटातील मालकक्षात हॅलॉन वायूने आग विझवण्याची व्यवस्था असते आणि तो वायू ज्वाळा शमवतो, परंतु बॅटरीच्या आत चाललेली उष्णतेची साखळी तो तोडू शकत नाही. केबिनमध्ये मात्र धूर लगेच दिसतो आणि कर्मचारी पाणी ओतून बॅटरी थंड करू शकतात. म्हणून सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनच्या सामानात निषिद्ध आहेत आणि हातातल्या सामानात नेणे बंधनकारक आहे. मर्यादा वॅट-तासांत दिली जाते, हे अनेकांना गोंधळात टाकते. पॉवर बँकेवर छापलेले मिलिअँपिअर-तास ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागले की वॅट-तास मिळतात, त्यामुळे वीस हजारांची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची ठरते. १०० वॅट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची संमती लागते, त्यापुढे मनाई आहे. दक्षिण कोरियातील गिमहे विमानतळावर २८ जानेवारी २०२५ रोजी एअर बुसानच्या एका विमानाला उड्डाणापूर्वीच डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यातून आग लागली, विमान जळाले, माणसे मात्र सर्व बाहेर काढता आली. तपासात पॉवर बँकेवर संशय घेतला गेला. हीच आग उड्डाणानंतर तासाभराने, समुद्रावर लागली असती तर काय झाले असते, हे सांगण्याची गरज नाही.

आता घातपाताच्या नियमांकडे वळता येईल. नागपूरच्या विमानतळाचा या संदर्भात एक जुना उल्लेख उद्बोधक आहे: १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल सेवेत मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची व प्रवाशांची अदलाबदल करीत आणि परत फिरत. त्या काळात प्रवाशाची झडती ही कल्पनाही नव्हती. भारतातील आजची व्यवस्था टप्प्याटप्प्याने उभी राहिली, आणि तिच्या प्रत्येक टप्प्यामागे एक दुर्घटना आहे. १० सप्टेंबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण झाले, त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षेचा एक कक्ष स्थापन झाला. २३ जून १९८५ रोजी टोरांटो-माँट्रियलहून लंडन, दिल्लीमार्गे मुंबईला येणारे एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ स्फोटाने कोसळून ३२९ जण मृत्युमुखी पडले, आणि १ एप्रिल १९८७ रोजी त्या कक्षाचे स्वतंत्र खाते झाले. तेच आजचे नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरो. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेले विमान कंदाहारला नेले गेले, आणि दोनच महिन्यांत, फेब्रुवारी २००० मध्ये, जयपूरपासून विमानतळांचे रक्षण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यास आरंभ झाला. नियम ब्यूरो ठरवतो, अंमलबजावणी हे दल करते, यंत्रे विमानतळाचा चालक बसवतो आणि सामान विमान कंपनी स्वीकारते. चार हातांतून फिरणाऱ्या या जबाबदारीमुळेच तक्रार कोणाकडे करावी हे प्रवाशाला उमगत नाही.

कनिष्कच्या घातपातातून निघालेला एक नियम येथे विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. बॉम्ब असलेली बॅग व्हँकुव्हर येथे स्वीकारली गेली, तिचा मालक मात्र विमानात चढलाच नाही. शिवाय टोरांटोत त्या दिवशी क्ष-किरण यंत्र बिघडल्याने उरलेल्या बॅगा हातात धरायच्या उपकरणाने तपासल्या गेल्या होत्या. त्यानंतर प्रवासी आणि त्याचे सामान यांची जुळवणी करण्याची पद्धत जगभर रूढ होत गेली, म्हणजे सामान चढले पण माणूस चढला नाही, तर ते सामान उतरवले जाते. एखाद्या उशिरा आलेल्या प्रवाशापायी सारे विमान अर्धा तास खोळंबते तेव्हा या नियमाला शिव्या बसतात, तरीही साऱ्या यादीतील सर्वांत निर्विवाद नियम निवडायचा झाला तर तो हाच ठरेल, कारण तो प्रवाशाकडून जवळजवळ काहीच मागत नाही आणि एक खरी, वापरली गेलेली फट बुजवतो.

याच्या उलट टोकाला द्रवपदार्थांचा नियम आहे. ११ डिसेंबर १९९४ रोजी फिलिपाइन एअरलाइन्सच्या विमानात कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावणाच्या बाटलीतून नेलेल्या नायट्रोग्लिसरीनचा स्फोट होऊन एक जपानी प्रवासी ठार झाला होता, तरीही नियमात बदल झाला तो बारा वर्षांनी, जेव्हा १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटनमध्ये शीतपेयांच्या बाटल्यांतून हायड्रोजन पेरॉक्साइडयुक्त स्फोटक नेऊन अटलांटिकवर अनेक विमाने उडवण्याचा कट उघडकीस आला. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही, आणि अशा लहान बाटल्याही एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. तूप, लोणचे, मुरंबा, श्रीखंड हे सारे या दृष्टीने द्रवच. देशांतर्गत प्रवासात भारतात पाण्याची बाटली सहसा अडवली जात नाही, त्यामुळे जामसांवलीचे तीर्थ नागपूरहून पुण्याला हातातून जाऊ शकते, पण तेच नागपूरहून शारजाला किंवा दोह्याला निघालेल्या नातलगासोबत जाऊ शकत नाही; या फरकामागचे कारण सांगणारा फलक मात्र रांगेत क्वचितच दिसतो.

१०० मिलिलिटरच्या आकड्यात निसर्गनियम असा काही नाही. जुन्या क्ष-किरण यंत्राला द्रव ओळखता येत नव्हता, म्हणून यंत्राची उणीव प्रवाशाच्या बाटलीवर लादली गेली, एवढाच त्याचा अर्थ आहे. हे यंत्र दोन निरनिराळ्या ऊर्जांचे किरण सोडते आणि वस्तूंनी ते किती शोषले यावरून पडद्यावर रंग भरते: धातू निळे, मधल्या घनतेचे पदार्थ हिरवे, आणि कार्बन-हायड्रोजनयुक्त सेंद्रिय पदार्थ नारंगी. अडचण अशी की अन्न, साबण, कागद आणि बहुतेक स्फोटके ही सारी सेंद्रिय असल्याने पांढुर्ण्याची संत्री, बेसनाच्या लाडवांचा डबा आणि एखादे प्लास्टिक स्फोटक यांना पडद्यावर एकच रंग मिळतो, आणि लाडवांसारखा घट्ट, एकसंध ठोकळा तर घनतेनेही संशयास्पद दिसतो. डबा उघडायला लावणारा जवान खवचटपणा करीत नसतो. त्याला खरोखरच त्या चित्रावरून निर्णय करता येत नाही. संगणकीय छेदचित्रण करणारी, म्हणजे रुग्णालयातील सीटी स्कॅनच्या तत्त्वावर चालणारी नवी यंत्रे बॅगेभोवती फिरून त्रिमितीय चित्र तयार करतात आणि द्रवाची घनता स्वतंत्रपणे मोजतात. युरोपात अशा यंत्रांच्या भरवशावर काही विमानतळांनी १०० मिलिलिटरची अट उठवली, सप्टेंबर २०२४ मध्ये तांत्रिक शंकेमुळे ती पुन्हा लागू झाली, आणि २०२५ मध्ये ठरावीक यंत्रांना दोन लिटरपर्यंतच्या बाटल्यांसाठी मान्यता मिळाली. नियम यंत्राबरोबर बदलू शकतो, आणि शंका आली तर मागेही घेता येतो, हे यावरून दिसते. अमेरिकेत डिसेंबर २००१ मधील बुटात स्फोटके दडवण्याच्या प्रयत्नानंतर सुरू झालेली बूट काढण्याची सक्ती जुलै २०२५ मध्ये संपली. मधल्या काळात कोट्यवधी माणसे अनवाणी उभी राहिली.

स्फोटकांचे सूक्ष्म अंश शोधणारे दुसरे एक उपकरण असते, ज्यात हातावरून किंवा बॅगेवरून कापडी पट्टी फिरवून ती यंत्रात घातली जाते. यंत्र त्या पट्टीवरील रेणूंना विद्युतभार देऊन त्यांचा वेग मोजते आणि नायट्रेटसारख्या गटांची ओळख पटवते. सौंसर-पांढुर्ण्याचा पट्टा संत्री आणि कापसाचा आहे, आणि ज्या शेतकऱ्याने आदल्या दिवशी अमोनियम नायट्रेटचे खत हाताळले असेल, किंवा ज्या हृदयरोग्याकडे नायट्रोग्लिसरीनची गोळी असेल, त्याच्यापाशी हे यंत्र विनाकारण घंटा वाजवू शकते. हा यंत्राचा दोष म्हणता येत नाही. तो विरळ गोष्टी शोधण्याच्या गणिताचा परिणाम आहे. समजा, दहा लाख प्रवाशांत एकच जण खरा धोकादायक आहे आणि यंत्र शंभरपैकी नव्व्याण्णव वेळा बरोबर निदान करते. तरीही सुमारे दहा हजार निरपराध माणसे बाजूला काढली जातील, आणि बाजूला काढलेल्यांपैकी जवळजवळ प्रत्येक जण निर्दोषच असेल. हे गणित ज्याला उमगले आहे, तो अधिकारी घंटा वाजल्यावर प्रवाशाशी संशयिताप्रमाणे वागणार नाही. प्रशिक्षणात यंत्र चालवण्याइतकेच महत्त्व या समजुतीला दिले गेले, तर तक्रारींचा बराच मोठा भाग नाहीसा होईल.

अंगझडतीच्या बाबतीत भारतीय प्रवाशाकडून इतर अनेक देशांपेक्षा अधिक मागितले जाते, हे नाकारता येत नाही. पाश्चात्त्य विमानतळांवर धातुशोधक चौकट किंवा देहचित्रक वाजला तरच सामान्यतः हात लावून तपासणी होते. भारतात चौकटीतून गेल्यावरही प्रत्येकाच्या अंगावरून हातातले यंत्र फिरते, आणि स्त्रियांसाठी पडद्याआड स्त्री कर्मचारी असते. टर्मिनलच्या दारातच तिकीट आणि ओळखपत्र पाहण्याची पद्धतही बहुतेक देशांत नाही. सुशिक्षित, सराईत प्रवाशाला यात दोन मिनिटे जातात. मात्र तिकिटावर केवळ नाव-आडनाव आणि आधार कार्डावर मराठी रिवाजाप्रमाणे मधोमध वडिलांचे किंवा पतीचे नाव, त्यातही देवनागरीतून रोमन लिपीत येताना बदललेली अक्षरे, अशी स्थिती असलेल्या पहिल्यांदाच निघालेल्या वृद्ध दाम्पत्याला दारातच घाम फुटतो, आणि सोबत आलेला मुलगा दाराबाहेर राहिलेला असतो. कृत्रिम अवयव वापरणाऱ्यांची अडचण याहून गंभीर आहे. मुंबईत वास्तव्य असलेल्या नृत्यांगना-अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये, प्रत्येक वेळी कृत्रिम पाय काढायला लावला जात असल्याची व्यथा जाहीरपणे मांडली, तेव्हा सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली. प्रसिद्ध व्यक्तीला दिलगिरी मिळाली; अप्रसिद्ध माणसाला ती मिळण्याची शक्यता किती, हा प्रश्न मागे उरतो.

तपासणीचा भार सारा प्रवाशावर टाकल्याने धोका संपतो, असेही नाही. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेल्या पॅन अ‍ॅमच्या विमानाचा कराचीत ज्यांनी ताबा घेतला, ते प्रवाशांच्या रांगेतून आलेच नव्हते. विमानतळ सुरक्षारक्षकांचा वेश करून ते गाडीतून थेट विमानापाशी पोचले होते. २०१५ मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने आपल्याच विमानतळांची गुप्त चाचणी घेतली तेव्हा ७० पैकी ६७ वेळा खोटी शस्त्रे वा स्फोटके पार गेल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. दिसण्यापुरत्या कडकपणाला अमेरिकी सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी सुरक्षेचे नाटक असे नाव दिले आहे, आणि त्यात तथ्य आहे. मात्र या नाटकाचा थोडा उपयोगही होतो, कारण घातपात करणाऱ्याला पकडले जाण्याची नुसती शक्यताही परावृत्त करू शकते. कॉर्नेल विद्यापीठातील अर्थतज्ज्ञांच्या २००७ मधील अभ्यासाने आणखी एक बाजू पुढे आणली: सामानाच्या वाढीव तपासणीमुळे अमेरिकेत विमानप्रवासी सुमारे सहा टक्क्यांनी घटले आणि त्यांतील काहींनी मोटारीचा रस्ता धरला, जो विमानापेक्षा कितीतरी अधिक जीवघेणा आहे. नागपूर-छिंदवाडा महामार्गाने ये-जा करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

निरर्थक नियम काढून टाकल्याने काही बिघडत नाही, याचे भारतीय उदाहरणही आहे. हातातल्या बॅगेला कागदी टॅग बांधून त्यावर शिक्का मारण्याची आणि विमानात चढताना तो शिक्का पुन्हा तपासण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालू होती. टॅग फाटला तर प्रवाशाला पुन्हा रांगेत पाठवले जाई. १ एप्रिल २०१७ पासून मुंबईसह सात विमानतळांवर ही पद्धत बंद झाली आणि पुढे इतरत्रही. कॅमेरे आणि चांगली रचना यांनी तेच काम होऊ शकत होते. असे आणखी किती शिक्के अजून शिल्लक आहेत, याचा आढावा ठरावीक मुदतीने घेण्याची सक्ती नियम करणाऱ्यांवर असायला हवी. सुरक्षेचा खर्च तर प्रवासी देतोच: एप्रिल २०२१ पासून देशांतर्गत तिकिटामागे २०० रुपये आणि आंतरराष्ट्रीय तिकिटामागे १२ डॉलर विमान सुरक्षा शुल्क म्हणून आकारले जाऊ लागले.

प्रवाशांचीही एक बाजू आहे आणि ती तितकीशी गौरवाची नाही. १ सप्टेंबर २०२४ रोजी जबलपूरहून हैदराबादला निघालेले विमान बॉम्बच्या धमकीमुळे नागपुरात उतरवावे लागले, आणि १४ नोव्हेंबर २०२४ रोजी नागपूरहून कोलकात्याला निघालेले विमान एका प्रवाशाने बॉम्बचा उल्लेख केल्यामुळे रायपूरला उतरवले गेले. दोन्ही वेळा काहीही सापडले नाही. त्याच सुमारास देशभर अशा शेकडो खोट्या धमक्या आल्या. बॅगेत काय आहे असे विचारल्यावर 'बॉम्ब आहे' असे थट्टेने म्हणणाऱ्याला अटक होते तेव्हा अनेकांना ती अतिरेकी वाटते, पण शेकडो माणसांचा खोळंबा करणारी ती थट्टा सहन करण्याचे कारण नाही.

सर्वांत बोलके प्रकरण पुन्हा नारळाचेच आहे. भारतात केबिनमध्ये नारळ नेण्यास मनाई असताना ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्यूरोने शबरीमलाच्या यात्रेकरूंना, त्यांच्या इरुमुडीत, म्हणजे डोक्यावर वाहायच्या दुहेरी पोटलीत, असलेला नारळ २० जानेवारी २०२५ पर्यंत केबिनमधून नेण्याची सवलत दिली. अट एवढीच की क्ष-किरण, स्फोटक-अंश चाचणी आणि प्रत्यक्ष हाताने तपासणी या तिन्हींतून तो गेला पाहिजे. शीख प्रवाशांना पूर्णतः देशांतर्गत उड्डाणांत सहा इंचांपर्यंतचे पाते आणि नऊ इंचांपर्यंत एकूण लांबी असलेले कृपाण बाळगता येते, आणि नांदेडच्या हुजूर साहिबला येणाऱ्यांना याचा नित्य उपयोग होतो. नागपूरहूनही ज्या यात्रेसाठी विमाने सुटतात त्या हजहून परतणाऱ्यांना झमझमचे पाणी सीलबंद डब्यांतून, ठरवून दिलेल्या प्रमाणात, स्वतंत्र व्यवस्थेने मिळते. या तिन्ही सवलती समंजस आहेत. धोका नेमका कशात आहे याचा विचार करून वाट काढता येते, हे त्यांनी सिद्ध केले आहे. मात्र ही वाट संख्येने मोठ्या आणि संघटित यात्रेकरूंना मिळाली. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या एकाच रांगेत कोचीला निघालेल्या भाविकाच्या इरुमुडीतील नारळ आणि जामसांवलीहून आलेल्या भाविकाच्या पिशवीतील नारळ एकापाठोपाठ यंत्रातून गेले असते, तर पहिला पुढे गेला असता आणि दुसरा टोपलीत पडला असता. तीन चाचण्यांनंतर जो नारळ एका प्रवाशाच्या हातात सुरक्षित ठरतो, तो दुसऱ्याच्या हातात असुरक्षित ठरण्याचे कोणतेही शास्त्रीय कारण नाही.

म्हणून नियम फार मागतात का, याला एकच उत्तर देता येत नाही. बॅटरीचा नियम आणि सामान-प्रवासी जुळवणीचा नियम योग्य तेवढेच मागतात. द्रवाचा नियम यंत्रांच्या मागासलेपणाची भरपाई प्रवाशाकडून करून घेतो, आणि यंत्रे बदलतील तिथे तो जायला हवा. खोबऱ्याचा नियम प्रमाणाचा विचार न करता लावला जातो, तर नारळाचा नियम व्यक्ती पाहून सैल होतो. या सर्वांहून मोठा भार न सांगण्याचा आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेतील पहिल्या विमानांबरोबर नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली, तेव्हा लहान गावांतील माणूस विमानात बसावा हाच हेतू सांगितला गेला होता. त्या माणसाला बंदीची यादी कळते ती मात्र वस्तू काढून घेतली जाते त्या क्षणी. जामसांवली, शेगाव, माहूर, तुळजापूर यांसारख्या ठिकाणी मंदिर न्यासांनी आणि विमानतळांनी मिळून मराठी-हिंदीत, कारणांसह, एक फलक लावला तर ब्यूरोला एकही नियम बदलावा लागणार नाही आणि टोपलीत पडणारा निम्मा प्रसाद वाचेल.

तोवर जामसांवलीहून थेट विमान गाठणाऱ्यांनी नारळ मंदिरातच फोडून ओले खोबरे वाटून टाकावे, सुकी वाटी, कापूर आणि काडेपेटी सोबत घेऊ नये, तीर्थाची बाटली परदेशी जायचे असल्यास घट्ट बंद करून चेक-इनच्या सामानात आणि पॉवर बँक न विसरता हातातल्या पिशवीत ठेवावी, तिकिटावरील नाव ओळखपत्राशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावे, आणि तरीही तपासणीत वावगे वागवले गेल्यास दिनांक, वेळ व विमानतळ लिहून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या 'एअरसेवा' या तक्रार व्यवस्थेकडे कळवावे.